गजानन जागीरदार : नट, दिग्दर्शक आणि अभिनयाचा अध्यापक

वर्धा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड लागते. नदीच्या या बाजूस वर्धा आणि नागपूर, त्या बाजूस अमरावती. हा सर्व प्रदेश नाटकवेडा म्हणून प्रसिद्ध होता. पुण्यामुंबईच्या नाटकमंडळ्या येथे येत, मुक्काम करीत आणि येथील रसिकतेचा लौकिक परत घेऊन जात. परंतु चित्रपटनिर्मितीला या प्रदेशाने जागा दिली नाही. कोल्हापूर, पुणे आणि मुंबई या तीन ठिकाणी मराठी बोलपट जन्मला आणि वाढला. विदर्भातील ज्या तरुणास या नव्या कलेची ओढ लागली, त्यास घर सोडून पश्चिमेची वाट धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. असे असूनही मराठी चित्रपटाच्या घडणीत एकट्या अमरावतीने तीन माणसे दिली, आणि तीही सात वर्षांच्या अंतरात जन्मलेली : विश्राम बेडेकर (१९०६), गजानन जागीरदार (१९०७) आणि भगवान आबाजी पालव, म्हणजेच पुढे ‘भगवानदादा’ म्हणून विख्यात झालेले नट-दिग्दर्शक (१९१३). यांपैकी बेडेकर लेखक म्हणून वाङ्मयेतिहासात स्थिर झाले आहेत आणि भगवानदादांना लोकप्रियतेने जिवंत ठेवले आहे. जागीरदारांची गोष्ट निराळी आहे. त्यांचे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे; परंतु त्यांच्या कार्याचा विचार मात्र एखाददुसऱ्या भूमिकेच्या स्तुतीपलीकडे फारसा जात नाही.

वस्तुतः त्यांच्या कार्यात एक प्रश्न सतत डोकावतो, आणि तो केवळ चरित्राचा नाही. अभिनय ही उपजत देणगी आहे, की तिला काही शास्त्र आहे? आणि शास्त्र असल्यास ते एकाने दुसऱ्यास शिकवावे कसे? नट, दिग्दर्शक आणि अध्यापक या तीन नात्यांनी जागीरदारांनी या प्रश्नाशी जवळजवळ साठ वर्षे झटापट केली.

गजानन जागीरदारांचा जन्म २ एप्रिल १९०७ रोजी अमरावती येथे झाला. हौशी रंगभूमीवर त्यांनी अभिनयाचे पहिले पाठ गिरवले आणि भालजी पेंढारकर यांच्या हाताखाली चित्रपटातील उमेदवारी केली. हा काळ संक्रमणाचा होता. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलमआरा’ प्रदर्शित झाला आणि पुढल्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठीस पडद्यावर वाचा दिली. १९३३ साली प्रभातने आपले बिऱ्हाड कोल्हापूरहून पुण्यास हलवले. मूकपटाचा नट एका रात्रीत निरुपयोगी ठरण्याचे आणि रंगभूमीवरील नटास अकस्मात मोठी मागणी येण्याचे हे दिवस होते.

ही मागणी रास्त असली तरी तिच्या पोटात एक अडचण होती. नाटकगृहातील नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा लागे. ध्वनिवर्धक नव्हते, आणि संगीत नाटकाच्या परंपरेत तर भाषणाचा सूरही गायनाच्या जवळ जाई. बोलपटात ध्वनिग्राहक यंत्र नटाच्या मस्तकावर किंवा एखाद्या फुलदाणीच्या आड असे. तेथे फेकलेला आवाज फुटे, आणि हलका आवाज मात्र स्पष्ट ऐकू येई. कॅमेरा नटाच्या डोळ्यांपर्यंत येऊन ठेपे. मग रंगभूमीवरील भुवयांची उंच कमान त्या अंतरावरून विनोदी दिसू लागे. शिवाय चित्रण तुकड्यातुकड्यांनी होत असल्यामुळे नटास भावनेचा चढ प्रेक्षकांच्या प्रतिसादावर तोलता येईना. सकाळी शेवटचा प्रवेश आणि दुपारी पहिला, असा उलटा क्रम अंगवळणी पाडून घ्यावा लागे. त्या पिढीतील पुष्कळ नामांकित नटांना हे अखेरपर्यंत साधले नाही. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणून गद्य, घरगुती आणि संयत अभिनयाचा जो प्रयत्न केला, तो याच काळातील आहे. रंगभूमीवर हे परिवर्तन वैचारिक आग्रहातून आले. बोलपटात ते यंत्राने लादले. जागीरदारांची पिढी या दोन्हींच्या मध्ये उभी होती.

१९३४ साली ‘सिंहासन’ या चित्रपटापासून त्यांच्या दिग्दर्शनास आरंभ झाला. त्यानंतर ‘होनहार’ (१९३६) आणि सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनसाठी ‘मैं हारी’ (१९४०) हे हिंदी चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केले. या चित्रपटांविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे प्रयोजन नाही. १९४१ साली आचार्य अत्रे यांच्या लेखनावरून त्यांनी ‘पायाची दासी’ दिग्दर्शित केला. सासू-सुनेच्या छळाचा विषय, दुर्गा खोटे यांची सासू आणि वनमाला यांची सून, अशी ती मांडणी होती. या वनमालाबाईच पुढे अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटात आई झाल्या. पाठोपाठ ‘मृच्छकटिका’च्या कथानकावरील ‘वसंतसेना’ (१९४२) आला. एक चित्रपट समकालीन स्वयंपाकघरातला आणि दुसरा उज्जयिनीच्या राजमार्गावरला. या दोन टोकांमधील अंतर पाहिले म्हणजे दिग्दर्शक म्हणून जागीरदारांचे बळ आणि त्यांची मर्यादा दोन्ही ध्यानात येतात. विषय कोणताही असो, नट त्यांच्या हाती सुरक्षित असे. परंतु शांताराम किंवा दामले-फत्तेलाल यांच्याप्रमाणे दृश्याची स्वतःची अशी मुद्रा त्यांनी उमटवली, असे म्हणता येणार नाही. ते नटाच्या अंगाने विचार करणारे दिग्दर्शक होते.

याच १९४१ साली नट म्हणून त्यांना जी भूमिका मिळाली तिने त्यांचे स्थान निश्चित केले. ‘शेजारी’ (हिंदी ‘पडोसी’) हा व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी दिग्दर्शित केलेला अखेरचा चित्रपट. कथा अमरावतीच्याच विश्राम बेडेकरांची. एका खेड्यातील दोन वृद्ध शेजारी, एक हिंदू आणि एक मुसलमान. त्यांची जुनी मैत्री. गावाजवळ धरण बांधू पाहणारा एक धनिक. त्याच्या कारस्थानाने दोघांत पडलेली फूट. आणि अखेरीस फुटलेल्या धरणाच्या लोंढ्यात एकमेकांस धरून दोघांचा शेवट. मार्च १९४० मध्ये मुस्लिम लीगने लाहोरचा ठराव केला होता. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला होता. देशाचे राजकारण सेवाग्रामच्या झोपडीभोवती फिरत असता, त्या राजकारणातील सर्वांत कठीण प्रश्न पुण्यातील एका स्टुडिओने दोन म्हाताऱ्यांच्या स्नेहाच्या रूपाने मांडला, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. गांधीजींचे मत चित्रपटाविषयी प्रतिकूलच होते. १९२७ साली सरकारने नेमलेल्या चित्रपट-चौकशी समितीच्या प्रश्नावलीस उत्तर देताना त्यांनी ते स्पष्टपणे कळवले होते, आणि १९३९ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांना अनावृत पत्र लिहून या मताचा फेरविचार करण्याची विनंती केली होती. अब्बास यांच्या युक्तिवादास ‘शेजारी’हून चांगले उदाहरण त्या काळात सापडणे कठीण.

या चित्रपटातील पात्रयोजना अभ्यासकाने विशेष लक्ष देऊन पाहावी. प्रभातचे चित्रपट बहुधा मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत एकाच वेळी घेतले जात. तीच योजना, तेच रंगवलेले देखावे, तोच प्रकाश. आधी एका भाषेत आणि मग दुसऱ्या भाषेत तोच प्रवेश. मिर्झाची भूमिका दोन्ही आवृत्त्यांत जागीरदारांनीच केली. मराठीत त्यांचा हिंदू शेजारी होता केशवराव दाते, आणि हिंदीत मझहर खान. म्हणजे हिंदीत मुसलमान नट हिंदू झाला आणि हिंदू नट मुसलमान. यातील सूचकता प्रेक्षकांस ताबडतोब कळली. परंतु अभिनयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आणखी निराळी आहे. केशवराव दाते हे महाराष्ट्र नाटक मंडळीत मुरलेले आणि नाट्यमन्वंतरात नव्याने घडलेले नट. ‘कुंकू’ (१९३७) मधील त्यांचे वृद्ध काकासाहेब तोवर गाजून गेले होते. मझहर खान हे मूकपटाच्या काळापासून कॅमेऱ्यासमोर वावरलेले. एकच भूमिका एकच नट दोन निरनिराळ्या भाषांत आणि दोन निरनिराळ्या जातींच्या सोबत्यांसमोर करीत आहे, हा योग अभिनयाच्या अभ्यासाला क्वचितच लाभतो. अभिनय ही एकट्याने करावयाची गोष्ट नसून समोरच्याला दिलेले उत्तर आहे, हे तत्त्व पुस्तकात सांगता येते. येथे ते मोजून पाहता येते. दातेंच्या सुरेल, घडीव वाक्यांपुढे मिर्झाची मराठी किती थांबत बोलते आणि मझहर खानापुढे तीच व्यक्ती उर्दूत किती मोकळी होते, हे दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्यावाचून कळणार नाही. अशी तुलना पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होऊ शकते.

१९४२ साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि संस्थेचा मोठा आधार गेला. अशा पडत्या काळात ‘रामशास्त्री’ (१९४४) हाती घेण्यात आला. त्याच्या दिग्दर्शनाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. राजा नेने, विश्राम बेडेकर आणि जागीरदार अशा तिघांचा हात त्यास लागला, आणि अखेर तो जागीरदारांच्या नावाने पूर्ण झाला. नायकाची भूमिकाही त्यांचीच. बाल रामशास्त्री अनंत मराठे यांनी केला आणि आनंदीबाई ललिता पवार यांनी. इतक्या हातांतून गेलेले काम एकजीव व्हावे, ही अपेक्षा सहसा फोल ठरते. ‘रामशास्त्री’ एकजीव झाला याचे श्रेय पुष्कळ अंशी मध्यवर्ती भूमिकेच्या स्थैर्यास द्यावे लागेल.

रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळील माहुलीचे. बालपणी एका सावकाराच्या पदरी चाकरी केलेला हा मुलगा अपमानाने डिवचला जाऊन काशीस गेला, तेथे अध्ययन करून परतला आणि पेशव्यांचा न्यायाधीश झाला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या खुनात रघुनाथरावांचा हात असल्याचे ठरवून, ‘याला देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरी शिक्षा नाही’ अशा आशयाचा निर्णय शास्त्रीबुवांनी प्रत्यक्ष सत्ताधीशाच्या तोंडावर दिला आणि पुणे सोडले, ही कथा मराठी मुलाला शाळेतच ठाऊक होते. नटापुढील संकट नेमके येथेच आहे. शेवट सर्वांस माहीत. वाक्य सर्वांस माहीत. टाळी कोठे पडणार हेही माहीत. संगीत नाटकाच्या वळणावर गेलेला नट या ठिकाणी स्वर चढवून टाळी घेईल. जागीरदारांनी ते वाक्य खाली उतरवले. त्यांच्या रामशास्त्र्याचा राग दिसत नाही. दिसते ती न्यायाधीशाची नाइलाजाची शांतता. निर्णय देणारा माणूस निर्णयाच्या आनंदात नाही, हे त्यांनी दाखवले. बोलपटाच्या यंत्राने जो संयम नटावर लादला होता, त्यास येथे व्यक्तिरेखेतच कारण सापडले, आणि म्हणून तो लादलेला वाटत नाही.

चित्रपट ज्या वर्षी आला ते वर्षही विसरता कामा नये. युद्धकाळात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण होते. प्रत्येक फूट मोजून मिळे. मोठे राष्ट्रीय पुढारी ऑगस्ट १९४२ पासून कारावासात होते. गांधीजींची सुटका मे १९४४ मध्ये झाली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे लोकक्षोभ उसळला, गोळीबार झाला, पोलिस अधिकारी मारले गेले. आणि त्यानंतर चाललेल्या खटल्यांत अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या शिक्षा कमी व्हाव्यात म्हणून देशभर प्रयत्न झाले आणि अखेर १९४५ साली त्या जन्मठेपेत बदलल्या. म्हणजे ज्या महिन्यांत पडद्यावरील न्यायाधीश राज्यकर्त्यालाच आरोपी ठरवीत होता, त्याच महिन्यांत आष्टीच्या घरांतून फाशीच्या बातमीची वाट पाहिली जात होती. न्याय सत्तेपुढे झुकतो की नाही, हा प्रश्न या प्रदेशात त्या वेळी इतिहासाचा नव्हता. जुन्या कथेआडून सेन्सॉरच्या नजरेखालून वर्तमानाचे बोलणे बोलण्याची रीत मराठी नाटकाने खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’पासून (१९०७) गिरवली होती. ‘रामशास्त्री’ त्याच परंपरेत बसतो.

या उंचीनंतरची वीस वर्षे चढउतारांची गेली. ‘बैरमखान’ (१९४६) आणि राज कपूर व कामिनी कौशल यांचा ‘जेलयात्रा’ (१९४७) हे हिंदी चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केले. मराठीत अण्णाभाऊ साठे यांच्या कादंबरीवरून ‘वैजयंता’ (१९६१) केला. तमाशातील स्त्रीच्या जीवनावरील या चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कारांत गुणवत्ता-प्रमाणपत्र लाभले. न्यायसभेतील शास्त्र्यापासून तमाशाच्या कनातीपर्यंतचा हा प्रवास जागीरदारांच्या पिढीतील फारच थोड्या उच्चवर्णीय कलावंतांनी केला. हिंदीत ते चरित्रनट म्हणून वावरू लागले. ‘गाइड’ (१९६५) मधील भोला हा गावकरी अनेकांना आठवत असेल. नायकाला साधू समजणारा हा भाबडा माणूस जर खोटा वाटला असता तर त्या चित्रपटाचा उत्तरार्धच कोसळला असता.

त्यांच्या जीवनातील सर्वांत अर्थपूर्ण योग मात्र पडद्याबाहेरचा आहे. प्रभात फिल्म कंपनी १९५३ साली बंद पडली. तिची जागा, तिचे चित्रणमंच आणि झाडे पुढे भारत सरकारकडे आली आणि १९६० साली तेथे फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तिचे पहिले प्राचार्य गजानन जागीरदार. ज्या छपराखाली त्यांनी मिर्झा आणि रामशास्त्री उभे केले, त्याच छपराखाली आता फळा लागला. त्यांची कारकीर्द तेथे अल्प ठरली. त्यांच्यानंतर जगत मुरारी यांनी संस्थेची धुरा दीर्घकाळ वाहिली आणि स्वतंत्र अभिनय-अभ्यासक्रम रोशन तनेजा यांच्या हाती १९६३ नंतर आकारास आला. त्यामुळे संस्थेच्या इतिहासात जागीरदारांना एक औपचारिक परिच्छेद मिळतो. हे अन्यायाचे आहे. भारतात चित्रपटकला तोवर कोणी ‘शिकत’ नसे. ती पाहून, चुकून, शिव्या खाऊन आत्मसात केली जाई. स्टुडिओत मुलगा झाडलोट करण्यापासून आरंभ करी आणि नशीब असल्यास कॅमेऱ्यापर्यंत पोचे. ही गुरुकुलपद्धती निरर्थक नव्हती. प्रभातचे सर्व वैभव तिच्यातून आले. परंतु स्टुडिओच कोसळल्यावर ती पद्धती कोठे राहणार? प्रभातचा एक घरचा माणूस नव्या संस्थेच्या दारात उभा करण्यात सरकारचा हेतू काहीही असो, परिणाम असा झाला की जुन्या उमेदवारीतले ज्ञान निदान एका पिढीपुरते वर्गात आले.

हे ज्ञान शब्दांत बसवण्याचा त्यांनी पुढेही प्रयत्न केला. ‘अभिनय कसा करावा’ हे त्यांचे पुस्तक शीर्षकातच आपली बाजू घेऊन उभे राहते. भरताच्या नाट्यशास्त्राने आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक अशी अभिनयाची चार अंगे सांगितली आहेत. मराठी रंगभूमीवर वाचिकाचे राज्य होते. बोलपटाने सात्त्विकास, म्हणजे आतून उमटणाऱ्या विकारास, पहिल्यांदाच मोठ्या आकारात दृश्य केले. डोळ्यांच्या कडेचा ओलावा शेवटच्या रांगेतील प्रेक्षकास दिसू लागला. सात्त्विक अभिनय शिकवता येतो का, या प्राचीन वादास त्यामुळे नवी धार आली. जागीरदारांच्या एकंदर कार्याचा कल असा की विकार शिकवता येत नाही, परंतु त्याच्या आड येणारा अडसर काढणे शिकवता येते. हे मत वादग्रस्त आहे, आणि तसेच राहावे.

वार्धक्यात त्यांनी दूरदर्शनसाठी रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ या कादंबरीवरून त्याच नावाची मालिका दिग्दर्शित केली. रवींद्र मंकणी माधवराव पेशवे झाले आणि मृणाल देव, नंतरच्या मृणाल कुलकर्णी, रमाबाई. पुन्हा तोच पेशवेदरबार, तोच काळ. स्नानसंध्येत अधिक वेळ घालवणाऱ्या तरुण माधवरावांस ‘राज्य करावयाचे नसेल तर काशीस चला’ असे सुनावणारा न्यायाधीश परंपरेत प्रसिद्धच आहे. चाळीस वर्षांपूर्वी ती वस्त्रे स्वतः ल्यालेला माणूस आता कॅमेऱ्यामागे बसून नव्या मुलांकडून तो काळ उभा करून घेत होता. मोठ्या पडद्याच्या अंतरासाठी शिकलेला संयम दूरदर्शनच्या लहान चौकटीला किती अनुरूप ठरला, हाही एक स्वतंत्र अभ्यासविषय आहे.

अभ्यासाच्या साधनांविषयी एक गोष्ट येथे सांगणे प्राप्त आहे. मूकपट आणि आरंभीचे बोलपट नायट्रेट फिल्मवर घेतलेले असत, आणि ती फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होईपर्यंत अशा प्रतींचा वाली कोणी नव्हता. आणि जानेवारी २००३ मध्ये संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठारास, तेही प्रभातच्याच आवारात, आग लागून पुष्कळ मूळ प्रती नष्ट झाल्या. महत्त्वाच्या चित्रपटांच्या उत्तरकालीन प्रती शिल्लक आहेत. तरीही चौथ्या दशकातील दिग्दर्शनाचा विचार पुष्कळदा जाहिराती, गीतपुस्तिका आणि छायाचित्रे यांवरच करावा लागतो. या गीतपुस्तिका जुन्या घरांच्या माळ्यांवर अजून सापडतात. अमरावती, वर्धा, आर्वी, हिंगणघाट या गावांतील चित्रपटगृहांची त्या काळची कागदपत्रे कोणी पद्धतशीरपणे गोळा केल्यास, प्रभातचे चित्रपट या प्रदेशात केव्हा आले आणि किती आठवडे चालले, हे निश्चितपणे सांगता येईल. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात आता नाट्य आणि चित्रपट यांचे अध्ययन होते. ज्या जिल्ह्यातून चित्रपटाचा निषेध झाला तेथेच तो अभ्यासाचा विषय व्हावा, हा काळाचा विनोद म्हणावा लागेल. परंतु हे काम करण्यास त्याहून सोयीचे ठिकाण नाही.

जागीरदारांचे निधन १३ ऑगस्ट १९८८ रोजी झाले. त्यांच्या उत्तरायुष्यातील भूमिकांपैकी ‘उमराव जान’ (१९८१) मधील वृद्ध मौलवी ही एक छोटी भूमिका आहे. कोठ्यावर आणलेल्या मुलीस अक्षरे शिकवणारा हा म्हातारा. वाक्ये मोजकी आणि उर्दूचा उच्चार चाळीस वर्षांपूर्वीच्या मिर्झाची आठवण करून देणारा. मिर्झा साकारला तेव्हा जागीरदार चौतीस वर्षांचेही नव्हते आणि वार्धक्य त्यांना रंग लावून आणावे लागले होते. मौलवीच्या वेळी ते आपल्याच पावलांनी आले होते. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले असता खांद्यांची ठेवण आणि बोलण्यापूर्वीचा किंचित थांबा आश्चर्यकारकरीत्या सारखा आढळतो.